पडद्यावर न आलेलं हॉस्पिटल

प्रिय ताई,

काल फोन ठेवलास तो ठेवलासच. परत लावला तर उचलला नाहीस, आणि मग मेसेज टाकलास की बाबांना अंघोळ घालतेय. भर दुपारी कसली गं अंघोळ? रडत होतीस, दुसरं काय. म्हणून हे पत्र लिहायला बसले. फोनवर तू मला दोन वाक्यं सरळ बोलू देत नाहीस, ‘सोड ना आता’ म्हणून गप्प करतेस. शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे बाबाही ऐकतात. पत्र स्पीकरवर लावता येत नाही, एवढी तरी सोय आहे. घरातल्या मागच्या खोलीत जा, आतून कडी लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी करून पर्समध्ये टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, मी त्या सकाळी ऐंशीच्या जागी शंभर भरलं असतं तर बाबा आज बोलत असते. हे तू मला तिसऱ्यांदा ऐकवलंस. पहिल्यांदा बाबांच्या खाटेपाशी म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, धक्का बसलाय, बोलते आहे काहीतरी. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा रजा वाढवली होतीस. आणि काल तर राजीनाम्याचीच भाषा. वीस वर्षं नर्स म्हणून उभी राहिलीस, चपलांचे तळ झिजवलेस, आणि आता एका आकड्यासाठी स्वतःला फासावर चढवायला निघालीस. ताई, हे मी होऊ देणार नाही. पण कसं होऊ देणार नाही ते सांगायचं तर मला माझ्या ऑफिसातली सगळी घाण तुझ्यापुढे ओतावी लागेल. तेव्हा नाकाला पदर लाव.

आधी हे सांगते की मला किळस आलीय. वाईट वाटणं, रडू येणं हे सगळं आहेच, पण त्या सगळ्याच्या वर किळस आहे. बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून ऑफिसच्या काचेच्या दारातून आत शिरलं की पोटात ढवळतं. तो लिफ्टमधला लिंबाचा खोटा वास, तो कॉफीच्या मशीनचा घरघराट, त्याभोवती कप धरून खिदळणारी माणसं. माझा नवरा म्हणतो, ॲसिडिटी असेल, गोळी घे. त्याला काय सांगू, गोळीने जाणारी ॲसिडिटी नाही ही.

बाबा आता डाव्या हाताने चमचा धरतात म्हणालीस, ते ऐकून बरं वाटलं. अर्धं जेवण शर्टावर सांडलं तरी सांडू दे, भरवू नकोस. त्यांना भरवलेलं कधी आवडलंय? आणि अजून तो एकच शब्द का? मागच्या आठवड्यात मी आले तेव्हा पाणी हवं असलं तरी ‘चला’, उशी टोचली तरी ‘चला’, मी निघाले तेव्हाही ‘चला’. आयुष्यभर बाजारात लिलाव पुकारलेला माणूस गं. कोबीच्या ढिगापाशी स्टुलावर उभे राहिले की रस्त्याच्या त्या टोकाला आवाज जायचा, आणि भाव ठरला की शेवटी हात आपटून ‘चला!’ तेवढाच उरला बघ तोंडात, बाकी सगळा बाजार उठला. आपण दोघी त्या आवाजाला किती लाजायचो! शाळेच्या फाटकाशी येऊन आपल्याला हाक मारायचे तेव्हा मी तुझ्या मागे लपायचे, आणि तू माझ्या मागे. आता तीच हाक ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

आणि त्याच तोंडाने त्यांनी माझी केवढी जाहिरात केली होती. ॲम्ब्युलन्सने पेशंटला कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हे सुचवणारी आमच्या कंपनीची प्रणाली आपल्या भागातही येणार म्हटल्यावर बाबांनी अख्ख्या बाजाराला बातमी दिली. माझ्या धाकटीच्या मशीनवर आता गाड्या चालणार! मी फोनवर ओरडून सांगत होते, बाबा, मी फक्त पडद्यावरचा नकाशा करते, त्यावरचे हिरवे ठिपके करते, कुठलं हॉस्पिटल निवडायचं ते दुसरी माणसं ठरवतात. तर म्हणाले, ठिपके तर ठिपके, आपलेच आहेत ना! त्या ठिपक्यांत तुझ्या हॉस्पिटलचा ठिपका नव्हता, ताई. बाबा गाडीत आडवे होते, समोरच्या पडद्यावर चार हिरवे ठिपके होते आणि जे हॉस्पिटल घरापासून सगळ्यात जवळ, जिथे त्यांची थोरली मुलगी ड्युटीवर होती, ते तिथे नव्हतं.

ती सकाळ तुला मी काय सांगणार. तू वॉर्डात होतीस, सायरन ऐकलास, खिडकीतून गाडी पुलाकडे जाताना पाहिलीस, आणि कुणाची तरी म्हणून परत सलाईन लावायला वळलीस. ड्रायव्हर तिथलाच होता. तो नंतर तुझ्यापाशी येऊन रडला, तेही तूच सांगितलंस. त्याने कंट्रोल रूमला विचारलं होतं, हे काय जवळच आहे, इथेच घेऊ का? तिकडून उत्तर आलं, पडद्यावर दिसत नाही म्हणजे बंद असेल, दिसतंय तिकडे घ्या. पडद्याबाहेर गाडी नेली आणि पेशंटला काही झालं तर ड्रायव्हरच्या नोकरीवर येतं. मग बिचारा काय करणार? पुलावरची गर्दी ओलांडून बाबांना त्या पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे स्कॅनसाठी बाहेरच्या बाकड्यावर त्यांना रांगेत ठेवलं, आणि डॉक्टर येईपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली. तुझ्याकडे स्कॅनचं मशीन होतं, इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं, डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात. तू मला तेव्हा एकच प्रश्न विचारलास, आमचं हॉस्पिटल दिसलंच का नाही? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच देऊन टाकलंस, की मी ऐंशी लिहिलं म्हणून. आता खरं उत्तर ऐक. थोडं आमच्या धंद्यातलं आहे, पण तू ईसीजी वाचतेस, तुला हे सहज कळेल.

हॉस्पिटल निवडायचं म्हणजे एकच गोष्ट बघून चालत नाही. अंतर बघायचं, खाट रिकामी आहे का बघायचं, मशीन आहे का, डॉक्टर आहे का. एखादं जवळ असतं पण तिथे मशीन नसतं, एखाद्यात सगळं असतं पण ते लांब असतं. मग करायचं काय, तर जे हॉस्पिटल दुसऱ्या एखाद्यापेक्षा लांबही आहे आणि बाकी कशातही त्याच्यापेक्षा सरस नाही, ते सरळ खोडायचं. त्याच्याकडे जाण्यात काही अर्थच नाही. असं खोडत गेलं की शेवटी अशी मोजकी उरतात, ज्यांना सगळ्याच बाबतीत मागे टाकणारं दुसरं कोणी नसतं. तेवढीच माणसापुढे ठेवायची, मग त्याने ठरवावं. याला आमच्यात ‘स्कायलाइन’ म्हणतात. गच्चीवरून शहराकडे बघितलं की पुढच्या उंच इमारतींमागे लपलेली घरं दिसत नाहीत, न लपलेल्यांचीच रेघ दिसते, तसं. कल्पना चांगली आहे गं. मी तिच्यावर थुंकत नाहीये. थुंकायचं कुठे ते पुढे येतंय.

अडचण ही की हॉस्पिटलांची माहिती पक्की नसते. खाट आत्ता रिकामी आहे, गाडी पोचेपर्यंत भरू शकते. डॉक्टर आहेत, पण ऑपरेशनमध्ये असतील. म्हणून प्रत्येक हॉस्पिटलने रोज सकाळी भरायचं, की पेशंट आला तर आम्ही त्याला नक्की घेऊ याची खात्री किती टक्के. तुझं काम ते. तुझं स्कॅनचं मशीन तापलं की अडतं, पाचातून एकदा तरी बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, म्हणून तू ऐंशी लिहायचीस. इतका सरळ हिशोब, इतकं खरं उत्तर! अख्ख्या प्रणालीत मला असं खरं उत्तर दुसरं सापडलं नाही. पलीकडच्या त्या मोठ्या हॉस्पिटलाने काय भरलं होतं माहितीय? शंभर. बाबांच्या दिवशी शंभर, आदल्या दिवशी शंभर, मशीन दुरुस्तीला उघडून ठेवलं होतं त्या दिवशीही शंभर. तिथला कारकून खुर्चीवरून उठतही नाही, आकडा आपोआप पुढच्या दिवशी जाईल अशी सोयच करून घेतलीय त्याने. बाकड्यावर पेशंट तळमळतायत आणि पडद्यावर खात्री शंभर टक्के. शी! मला त्या गोल गोल शंभराचीच शिसारी बसलीय.

पण थांब. तू म्हणशील, म्हणजे मी तेच म्हणत होते, शंभर भरायला हवं होतं. नाही. साठ टक्क्यांच्या खाली ज्याची खात्री असेल ते पडद्यावर आणायचं नाही असा नियम होता. तू ऐंशी होतीस. जवळ तू होतीस, तुझ्या जवळपास तुला मागे टाकणारं कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे तुझं हॉस्पिटल दिसायलाच हवं होतं, आणि तेही सगळ्यात वर. मग ते गेलं कुठे?

इथे आमचे सेकंदराव येतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, ऑफिसातल्या सगळ्यांनी ठेवलंय आणि ते त्यांना आवडतं. प्रणालीचा वेग सांभाळणं हे त्यांचं काम. दिसायला तुकतुकीत, बोलायला मऊ, आणि हातात कायम स्टॉपवॉच असल्यासारखा चेहरा. प्रत्येक हॉस्पिटल एकेक करून तपासत बसलं तर उत्तर यायला चार सेकंद लागायचे. मग वेग वाढवायला हॉस्पिटलांचे गट पाडतात, आपल्याकडच्या छोट्या पाच दवाखान्यांचा, तुझं हॉस्पिटल धरून, एक गट, तिकडचा दुसरा. आधी गटाकडे बघायचं, की या गटातल्या सगळ्यात चांगल्याची खात्री किती? तीच साठच्या खाली असेल तर आत कोणीच कामाचं नाही, गट न उघडताच बाजूला टाकायचा. हेही बरोबर आहे, यात कोणावर अन्याय होत नाही. पण सेकंदरावांच्या लक्षात आलं की असं केलं तर फारसे गट बाजूला पडतच नाहीत, कारण प्रत्येक गटात एखादं तरी तुझ्यासारखं निघतं. वेग काही वाढेना. आणि तिकडे सरकारी पाहुण्यांना दाखवायचा दिवस जवळ आलेला. मग त्यांनी काय केलं, तर सगळ्यात चांगल्याच्या जागी गटाची सरासरी घातली. प्रोग्राममधली एक ओळ बदलली. सरासरी! म्हणजे तुझ्या शेजारच्या त्या आठवड्यातून दोनदा उघडणाऱ्या दवाखान्यांचे वीस आणि तीस तुझ्या ऐंशीच्या गळ्यात बांधले आणि सगळ्यांना एकदम बुडवलं. शाळेतल्या पोरालाही कळतं की वर्गाची सरासरी कमी आली म्हणून पहिला आलेला नापास होत नाही. पण दोन पदव्या आणि परदेशातली पाटी लावलेल्या माणसाला ते कळलं नाही. की कळलं आणि चाललं? माझ्या मते कळलं आणि चाललं.

उत्तर अर्ध्या सेकंदात यायला लागलं. पाहुण्यांनी बटण दाबलं, ठिपके टपकन उमटले, टाळ्या झाल्या. संध्याकाळी केक आला. केकवर क्रीमने घड्याळ काढलं होतं. मला तेव्हा ही ओळ माहीत नव्हती. सगळे खात होते, मीही खाल्ला, वर म्हटलंही की व्हॅनिला छान आहे. साडेतीन सेकंद वाचवले म्हणून केक कापला, आणि पुलावर, बाकड्यावर, स्कॅनच्या रांगेत जे गेलं ते मोजायला कोणाकडे घड्याळ नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये बसलेला कोण माणूस चार सेकंद लागले म्हणून मरतो, सांग ना मला? ड्रायव्हरला गाडीची किल्ली फिरवायलाच तेवढे लागतात!

हे सगळं मला कोणी सांगितलं नाही. बाबांना भेटून परत आले त्या रविवारी ऑफिसला गेले. सगळं रिकामं, फक्त झाडूवाल्या मावशी खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत होत्या. मी त्या सकाळची माहिती जशीच्या तशी लावली. आपलं घर, बाबांची अवस्था, तुझं ऐंशी, त्यांचं शंभर. चालवलं. चार ठिपके आले, तू नाहीस. मग ती सरासरीची ओळ काढली, जुनी घातली आणि परत चालवलं. ताई, सगळ्यात वर तुझं हॉस्पिटल आलं. माझ्याच हाताने रंगवलेला हिरवा ठिपका, पुलाच्या अलीकडे. यायला चार सेकंद लागले. मी टेबलावर डोकं ठेवून अशी रडले की मावशी झाडू टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, नोकरी गेली माझी.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली, ती फक्त तुझ्यासाठी. सेकंदरावांची सरासरी परत घातली आणि तुझ्या ऐंशीच्या जागी शंभर टाकलं. तू रोज स्वतःला जे ऐकवतेस तेच मशीनला विचारलं, की हिने शंभर लिहिलं असतं तर? चालवलं. तू नाहीस, ताई. परत चालवलं. नाहीस. तुझ्या ऐंशीने गटाची सरासरी छत्तीस होत होती, शंभराने चाळीस होते. साठच्या खाली ती खालीच. शंभराच्या वर तर लिहिताच येत नाही! तू खरं लिहिलंस तरी दिसणार नव्हतीस आणि खोटं लिहिलं असतंस तरी दिसणार नव्हतीस. तुझ्या हातात त्या दिवशी काहीही नव्हतं. हे वाक्य परत वाच. बाबांचं बोलणं तुझ्या आकड्याने गेलेलं नाही.

सोमवारी मी हे काचेच्या खोलीत मांडलं. मला वाटलं होतं, कोणीतरी खुर्चीवरून उठेल, कोणाचा तरी चेहरा पडेल. सेकंदरावांनी चष्मा पुसला. म्हणाले, असे अपवाद कुठल्याही प्रणालीत असायचेच. बाबांना अपवाद म्हणाले गं! माझ्या तोंडावर! मी म्हटलं, तो अपवाद माझा बाप आहे, तर म्हणाले, हो हो, म्हणून तर तुम्ही भावनेच्या भरात बघताय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साहेब मात्र शांत. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, कधी आवाज चढवत नाहीत, समोरच्या माणसाला बिस्किटांची बशी पुढे करून कापतात. त्यांनी विचारलं, त्या हॉस्पिटलची नोंद किती होती? मी म्हटलं, ऐंशी. मोठ्याची? शंभर. मग दोन बोटं जुळवून म्हणाले, म्हणजे ज्यांची नोंद पूर्ण होती त्यांच्याकडे पेशंट गेला आणि ज्यांची कमी होती त्यांच्याकडे नाही गेला, यात आमचं काय चुकलं? खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ठिपके दाखवत होते, एकानेही पडद्याकडे पाहिलं नाही. आणि जाता जाता ठरलं काय, तर छोट्या हॉस्पिटलांना कळवायचं की यापुढे शक्यतो शंभरच भरा. खरं सांगणाऱ्यांनाही खोटं शिकवायचं, म्हणजे सगळे सारखे! बाहेर येऊन मी बेसिनमध्ये ओकले. खरंच ओकले, बोलायची पद्धत म्हणून सांगत नाहीये.

ती ओळ अजून तशीच आहे. आज, आत्ता, तू हे वाचतेयस तेव्हाही कुठल्या तरी गाडीत कोणाचे तरी बाबा आडवे आहेत आणि जवळचं हॉस्पिटल पडद्यावर नाहीये. म्हणून बाबांच्या प्रकरणाची सरकारी चौकशी बसलीय ते बरंच झालं. पण चौकशी बसली म्हटल्यावर या लोकांना खापर फोडायला डोकं हवं. तुझ्याइतकं सोयीचं डोकं त्यांना कुठे मिळणार? छोटं हॉस्पिटल, एक नर्स, आकडा तिच्याच हातचा. वर तिला स्वतःलाच वाटतं की आपलं चुकलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मला हे लिहायला साहेबांनी सांगितलं. हो, साहेबांनीच! काल तुझ्याशी बोलून फोन ठेवला आणि त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, बिस्किटं पुढे केली. म्हणाले, येत्या शनिवारी आम्ही दोघं, म्हणजे ते आणि सेकंदराव, तुमच्या वडिलांना बघायला जातोय, फळं वगैरे घेऊन. तुमच्या ताईंशीही बोलू, त्यांनी एवढंच म्हणावं की नोंद कमी भरली गेली, चूक झाली. पुढे वडिलांच्या उपचारांची काळजी कंपनी घेईल. तुम्ही आधी घरच्या भाषेत एक छानसं पत्र लिहून त्यांची समजूत घाला. वडिलांना बघायला येणाऱ्या माणसांच्या खिशातला फोन तुझं एक वाक्य टिपायला चालू असणार, हे त्यांनी सांगितलं नाही, ते मला दारातून निघताना सेकंदरावांच्या कुजबुजीतून कळलं. मी साहेबांना म्हटलं, लिहिते. मी म्हटलं, मीही येते सोबत, घरचं माणूस असलेलं बरं. ते खूश झाले. तेव्हा शनिवारी मी त्यांच्याच गाडीतून उतरणार आहे, माझा लॅपटॉप घेऊन, त्या सकाळची माहिती घेऊन. ती तिथल्या तिथे चालवता येते. चौकशी करणाऱ्या सरकारी बाईंनाही मी त्याच वेळेला घरी बोलावलंय, त्या येतो म्हणाल्यात. नोकरी जाईल, जाऊ दे, तिथल्या हवेत मला श्वास घेववत नाही. तू घाबरू नकोस, रडू नकोस, माफी मागू नकोस. बाबांना स्वच्छ शर्ट घालून मधल्या खोलीत बसव. त्या दोघांना पाणी दे, फळांची टोपली घेऊन कोपऱ्यात ठेव. साहेब गोड आवाजात विचारतील, ताई, तुम्ही ऐंशीच का भरलंत? तेव्हा त्यांना सांग, कारण ते खरं होतं. आणि मग माझ्याकडे वळून म्हण, धाकटे, आता शंभर घालून चालवून दाखव यांना.

तुझीच,
धाकटी